धडधाकट माणसाला औषध

हिरीला पुष्पलताबाईचा संशय आला तो बांधावरच. आरोग्य उपकेंद्रातली ही नर्सबाई एरवी पोरांना लस टोचायची, कुणाला ताप असेल तर गोळी द्यायची. त्या सोमवारी मात्र ती वांगणी गावाच्या खालच्या शेतांवर आली आणि आवणीच्या मजुरांना दोन-दोन कॅप्सूल वाटू लागली. आजारी कुणीच नव्हतं. दहा दिवस सगळे गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावत होते.

"धडधाकट माणसाला औषध कशाला?" हिरीने विचारलं.

"धडधाकट राहावं म्हणून. चिखलातून ताप येतो, लेप्टो म्हणतात त्याला. जेवा आणि मग गिळा," असं म्हणून बाई वहीत नावं लिहू लागली.

नावं कशाला हवीत, हेही हिरीला खटकलं. बाईची पाठ वळताच तिने आपल्या कॅप्सूल पायाखाली चिखलात दाबल्या. तिचा नवरा सोन्या मात्र मान डोलावून म्हणाला, "जेवल्यावर घेतो."

बुधवारी सोन्याला हुडहुडी भरून ताप आला. डोकं घणाने ठोकल्यासारखं दुखत होतं. पोटऱ्यांना नुसता हात लागला तरी तो ओरडायचा. सोमवारी गोळी आणि बुधवारी ताप! हिरीला आणखी काही कळायची गरज उरली नाही. ती घरोघर सांगत फिरली, "बाईच्या गोळ्या खाऊ नका. इख हाय त्यात." शेजारच्या रुपीने तर तिच्यासमोरच आपल्या कॅप्सूल चुलीत टाकल्या.

शनिवारी सोन्याचे लालभडक डोळे पिवळे दिसू लागले. दिवसभरात घोटभर लघवी झाली, तीही काळ्या चहासारखी. पुष्पलताबाई दारात आली तेव्हा हिरी आडवी उभी राहिली.

"तुझ्या हातचं काय नको आम्हाला!"

बाईने तिच्या खांद्यावरून आत बघितलं, सोन्याचे डोळे बघितले आणि तिथूनच फोन करून गाडी मागवली. "शिव्या गाडीत दे, हिरी. आधी याला उचलू."

नवऱ्याला या बाईबरोबर एकटं सोडायचं नाही, म्हणून हिरी गाडीत चढली.

जव्हारच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरने सोन्याची पोटरी दाबली, रक्त काढलं आणि लगेच सलाइन आणि इंजेक्शन सुरू करायला सांगितलं.

"रक्ताचा कागद आला नाय, मग सुई कसली देता?" हिरीने हटकलं.

"कागदाची वाट बघत बसलो तर तोवर याची किडनी बंद पडेल."

हे उत्तर हिरीला पटलं नाही. प्रत्येक इंजेक्शनला तिने पदराच्या काठाला एक गाठ मारली. माणसाचं बरंवाईट झालं, तर किती सुया दिल्या ते सांगता यावं.

तिसऱ्या दिवशी ती नळावर सोन्याचा सदरा धुवायला बसली. खिशात काहीतरी टोचलं. चंदेरी पट्टीत दोन कॅप्सूल होत्या, जशा दिल्या तशाच.

ती ओल्या हातानेच खाटेशी आली. "हे काय?"

सोन्याचा आवाज अजून खोल होता. "तू चिखलात दाबल्यास ते बघितला मी. म्हटला, हिरीला काय तरी कळला असेल. बाईला वाईट नको वाटायला, म्हणून हो बोललो."

हिरी पट्टी मुठीत धरून खाटेजवळ बसली. डॉक्टर फेरीवर आला तेव्हा तिने पहिल्यांदाच आवाज खाली घेऊन विचारलं, "मग ताप आला कुठनं?"

"रक्ताचा रिपोर्ट आलाय, लेप्टोच आहे. उंदीर मुततात, गुरं मुततात, पावसाने ते सगळं शेतात उतरतं. पायाला चीर असली की जंतू तिथून आत शिरतो. ताप यायला आठ-दहा दिवस जातात. म्हणजे जंतू सोमवारच्या आधीच शिरला होता." मग त्याने खाटेखालच्या भांड्यात बघितलं. "लघवी सुटली. आता धोका टळतोय."

दुसऱ्या दिवशी सोन्याजवळ दिराला बसवून हिरी वांगणीला आली. रुपी गोधडीत कुडकुडत पडली होती. हिरीने अंगठ्याने तिची पोटरी दाबली. रुपी किंचाळली.

"चल, जव्हारला नेते तुला. मी चुकले, रुपी. सोन्याने गोळी खाल्लीच नव्हती."

रुपी कोपरावर उठली. "तेव्हा इख म्हणलीस, आज औषध म्हणतेस. काय दिला तुला त्यांनी?"

हिरी तडक उपकेंद्रात गेली आणि पुष्पलताबाईला गाडीसह घेऊन आली. तरी रुपी हलेना. बाईने पुढे केलेल्या पट्टीकडे बोट दाखवून ती हिरीला म्हणाली, "तू खा आधी."

"जेवलीस का?" बाईने हिरीला विचारलं.

हिरीने रुपीच्याच टोपल्यातली अर्धी भाकर मोडून खाल्ली, दोन्ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळल्या आणि तोंड उघडून, जीभ वर करून दाखवली. तेव्हा कुठे रुपी गाडीत बसली. जव्हार येईपर्यंत हिरीला काय होतं का, ते ती टक लावून बघत होती.

लवकर नेली म्हणून रुपी पाच दिवसांत घरी आली. सोन्याला पायावर धड उभं राहायला महिना गेला. पुष्पलताबाई पुन्हा बांधावर आली तेव्हा हिरी वही धरून तिच्याबरोबर उभी राहिली. हिरी रुपीला कॅप्सूल द्यायला गेली, तर रुपीने हात मागे घेतला. बाईच्या हातून मात्र घेतल्या.