वीरभद्रप्पांची खुर्ची

मार्ता पोलंडहून सोलापूरच्या विद्यापीठात मराठी शिकायला आली होती, आणि कवी वीरभद्रप्पांनी तिला पार झपाटून टाकलं होतं. टॉवेलच्या कारखान्यात माग चालवणारा, दारूत बुडून मेलेला कवी. तो जिथे राबला, जिथे प्याला, जिथे राहिला, ते सगळं तिला बघायचं होतं. वर्गातली उत्कर्षा हौसेने तिच्याबरोबर निघाली.

सकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्या कारखान्याच्या वॉचमनने दोघींना गेटवरूनच हाकललं. "फोटो काढायला ही काय बाग हाय व्हय?"

दुपारी दोघी कवीच्या नेहमीच्या परमिट रूममध्ये शिरल्या, तशी सगळी टेबलं गप्प झाली. मालकाने कोपऱ्यातली खुर्ची फडक्याने पुसली. "हितंच बसायचे. लई मोठा माणूस." मागून कुणीतरी शीळ घातली. उत्कर्षाचे कान तापले. मार्ता मात्र बियर मागवून ऐटीत त्या खुर्चीत बसली. उत्कर्षाने हसत हसत तिचे फोटो काढले.

तिथून त्या कवीच्या गावी, कुंभारीला गेल्या. कवीची बायको अंबुबाई दारात ज्वारी पाखडत होती.

"आजी, आम्ही कवींचं घर बघायला आलोय," उत्कर्षा म्हणाली.

"आम्ही त्यांची खुर्चीही पाहिली," मार्ता कौतुकाने म्हणाली. "मी बसले तिथे."

सूप थांबलं. "त्या गुत्त्यात? आन् त्योच वास घिऊन माज्या दारात आलाव?"

उत्कर्षा गडबडली. "आजी, तुमच्यावरची त्यांची कविता अजून पोरं पाठ करतात."

"माज्यावरची?" अंबुबाईने बोटाने ओठ बाजूला ओढला. पुढचे दोन दात नव्हते. "ती लिव्हली त्याच दिशी पाडलं ह्ये."

"पण कविता फार सुंदर आहे," मार्ता हळूच म्हणाली.

अंबुबाईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ती परकी हाय. तू हितलीच न्हवं? यील त्यो इचारतंय, कवी कुटं बसायचा. म्या कुटं निजायची, ते इचारलं कुनी?"

"कुठं?" उत्कर्षाच्या तोंडून निघून गेलं.

"शेजारणीच्या गोठ्यात. म्हशीपाशी. झालं समाधान? आता चालत्या व्हा!" सुपातला कोंडा तिने दोघींच्या अंगावर झटकला आणि दार लावून घेतलं.

रस्त्यावर आल्यावर मार्ताने केसांतला कोंडा काढला. "तो गोठा अजून असेल का? एक फोटो..."

"लाज वाटत नाही तुला?" उत्कर्षा ओरडली.

"खुर्चीतले फोटो तूच काढलेस," मार्ताही चिडली. "हसत हसत. तेव्हा कुठे गेली होती लाज?"

हे खरं होतं, म्हणून उत्कर्षा आणखीच पेटली. समोर शेअर रिक्षा थांबली. आत दोघींपुरती जागा होती. उत्कर्षा एकटीच चढली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला, आणखी कुणी नाही."

मार्ता रस्त्याकडेला उभी राहिली. उत्कर्षाने वळून पाहिलं नाही. त्या दिवसापासून दोघी वर्गात एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि अंबुबाईकडे परत जायची हिंमत दोघींपैकी एकीलाही झाली नाही.