वधूपित्याचा सराव

गोळीबारात ज्याची नाडी हलत नाही असा माणूस पलटणीत एकच होता, आणि त्याला सगळे पहाड म्हणत. सैनिकांचं मन कणखर करण्यासाठी छावणीत आभासी लढाईचे चष्मे आले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिला चष्मा पहाडाच्याच डोळ्यांवर चढवला. पूल उडाला, रणगाडा अंगावर आला. पहाडाने जांभई दिली.

"तुम्ही घाबरलाच नाहीत, तर भीती आवरायला शिकवू कशी?" बाई वैतागल्या. "कशालाच भीत नाही का हो तुम्ही?"

पहाडाने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "रविवारी धाकटीचं लग्न आहे. जेवणाआधी चार शब्द बोलायचेत."

थोरलीच्या लग्नात त्याने माईक हातात घेतला होता, बराच वेळ पाहुण्यांकडे पाहिलं होतं आणि 'विश्राम' म्हणून खाली बसला होता. धाकटीने या खेपेला आधीच बजावलं होतं, "बाबा, माझ्याबद्दल एक तरी वाक्य बोला. खोटं असलं तरी चालेल."

बाईंनी संगणकवाल्याला कामाला लावलं. त्याने चष्म्यात सभागृह उभं केलं, खुर्च्या मांडल्या. पण त्याच्याकडे माणसं म्हणाल तर फक्त शत्रूची, तोंडाला फडकी बांधलेली. तीच ओळीने बसवली. बंदुका तेवढ्या काढून घेतल्या.

पहाडाची नाडी अशी उधळली की बाईंनी आनंदाने टाळी वाजवली. "छान घाबरलात. आता श्वास सावकाश सोडा."

आठवडाभरात पहाड त्या फडकेवाल्यांना 'सोयरेमंडळी' म्हणू लागला.

रविवारी तो माईकपाशी उभा राहिला. समोर सगळी उघडी तोंडं, तीही हसरी. याचा सराव कुठे झाला होता? थोरलीने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "बघा हं, आता विश्राम."

पहाडाने श्वास सावकाश सोडला. "मंडळी, एक विनंती. सगळ्यांनी रुमाल काढून नाकातोंडावर धरा."

फौजी माणूस सांगतोय म्हटल्यावर कुणी कारण विचारलं नाही. व्याह्यांना रुमाल सापडेना, त्यांनी टेबलावरचा नॅपकिन बांधला.

आता पहाडाच्या जीवात जीव आला. "ही धाकटी," तो म्हणाला, "मी सुट्टीवर आलो की माझे बूट लपवायची. बूट नसले की बाबा परत जाणार नाही, असा तिचा हिशेब. मी घरभर शोधायचो, गाडी चुकवायचो आणि छावणीत शिक्षा भोगायचो. बूट कुठे असतात, ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

एकेक रुमाल तोंडावरून डोळ्यांकडे सरकला. तोंडं पुन्हा उघडी पडली. पण पहाडाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो आत्ता कुठे धाकटीच्या दुसरीच्या वर्गापर्यंत पोचला होता, आणि जेवण निवत चाललं तरी माईक सोडायला तयार नव्हता.