जळणातले दांडे

मावशीला लाकडाचा राग कधी येत नसे. लाकूड वाढताना वाकतं, त्याला फांदी फुटते, कीड लागते, त्याला ते बिचारं काय करणार? राग यायचा तो माणसांचा. आणि आज तर नुसता राग नव्हता, शिसारी आली होती.

गिटारच्या कारखान्यात दांडे निवडायचं काम तिचं. कारखाना थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. भाचीचं, पिल्लूचं, ऐकून कारागीरही तिला मावशीच म्हणत. दांड्याला तारांचा ताण जन्मभर सोसावा लागतो. त्यावर एखादी काळी रेघ असली तरी मावशीची हरकत नसे. टाचणीच्या डोक्याएवढी गाठ तर ती गालावरच्या तिळासारखी सोडून द्यायची. पण लाकडाच्या रेषा तिरक्या होऊन कडेने बाहेर पडत असल्या, तर ते दिसायला कितीही देखणं असो, आज ना उद्या दगा देणार. असले दांडे आणि भेगाळलेले दांडे ती जळणात फेकायची. उरलेल्यांच्या बुडाशी आपला छोटा गोल शिक्का मारून ते आपल्या कपाटात ठेवायची. भावोजी तिला 'न्यायाधीशबाई' म्हणून चिडवत, पण गिऱ्हाइकाला आधी तोच शिक्का दाखवत.

सकाळी दार उघडताच सरसाचा कुबट वास नाकात गेला. कोपऱ्यातल्या डब्यात उरलेल्या सरसावर माश्या चिकटून मेल्या होत्या. टेबलावर संगीतशाळेने मागवलेल्या गिटारींचे दांडे घासूनपुसून मांडले होते. मावशीने सवयीने एकावर ओलं फडकं फिरवलं. सगळं लाकूड गडद झालं, मधली एक बारीक पट्टी मात्र फिकटच राहिली. तिने नख लावलं, तर सरसात कालवलेला भुसा निघाला. भेग बुजवली होती. दांडा तिने लगेच ओळखला. तिनेच तो जळणात टाकला होता. दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळे तिथलेच, आणि सगळ्यांच्या बुडाशी तिचा शिक्का.

पिकलेल्या फोडावर पावडर थापावी, तसली ही सफाई.

"हे कोणी केलं?" तिने विचारलं.

भावोजी चहा फुंकत होते. "मीच. एकदा रंग चढला की कोणाच्या बापाला कळतंय?"

"आणि शिक्का?"

"तुझ्या ड्रॉवरमध्येच होता. म्हटलं, उगाच तुझा हात कशाला दुखवायचा."

"हे मोडतील, भावोजी."

"मोडतील तेव्हा मोडतील. शाळेतली पोरं ती, चार दिवस वाजवतील नि देतील खुंटीला टांगून. तुझे नखरे पुरवत बसलो तर कारखान्याला कुलूप लागेल. मग तुझी ताई काय खाणार, भुसा?"

स्वतःच्याच विनोदावर ते हसले. त्यांच्या नखांत सरस वाळला होता आणि त्याच बोटांनी ते चहात बिस्किट बुडवत होते. मावशीने तोंड फिरवलं. तोंड उघडावं तर ताईच्या संसारावर निखारा, गप्प बसावं तर या घाणीवर आपलंच नाव. तिला त्यांची किळस आली, आणि असला हिशेब मांडत बसलेल्या स्वतःचीही.

तेवढ्यात संगीतशाळेच्या बाई आल्या. त्यांनी एक दांडा उचलला, उलटा करून शिक्का पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. "मावशींनी बघितलंय ना, मग मी वेगळं काय बघणार?"

भावोजींची कळी खुलली. "आमच्या पिल्लूलाही तुमच्याच वर्गात घालतोय, बाई." ते मावशीकडे वळले. "अगं, तिच्या गिटारसाठी एक दांडा काढून ठेव." मग मावशीजवळ सरकून ते हळूच म्हणाले, "तुझ्या कपाटातला दे हं. यातला नको."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. इतका वेळ तिला वाटत होतं, या माणसाला लाकडातलं कळत नाही. याला तर सगळं कळत होतं.

तिने टेबलावरचाच, नख लावलेला दांडा उचलून त्यांच्यापुढे धरला. "हा घ्या पिल्लूला."

"हा नको."

"का? शिक्का आहे की."

"अगं, पोरीच्या हातात मोडला तर—" भावोजी बोलून गेले.

बाईंनी हातातला दांडा खाली ठेवला. भावोजी काहीतरी सारवासारव करू लागले, पण बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मावशी, यातले तुम्ही स्वतः बघितलेले किती?"

"सगळेच," मावशी म्हणाली. "म्हणून तर जळणात टाकले होते."