बाटलीतली रिकामी जागा

सासूबाईंचं सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलण्यात गेलं. निवृत्तीनंतर त्यांनी अक्षरांच्या सोंगट्या लावून इंग्रजी शब्द बनवायच्या खेळात क्लबातल्या भल्याभल्यांना पाणी पाजलं. मग अर्धांगाचा झटका आला. हात लिहिण्याइतका नाही, तरी सोंगट्या लावण्याइतका सुधारला, डोकं तर कधी बिघडलंच नव्हतं, पण वाचा गेली ती गेलीच. तेव्हापासून सूनच त्यांची वाचा झाली. औषधवाल्याशी ती बोले, फोनवर ती बोले, आणि खरं सांगायचं तर तिला त्याची थोडी चटकच लागली होती.

क्लबाचा एक खास नियम होता. नुसते शब्द घोकून येणाऱ्या पोपटांना आळा बसावा म्हणून, अनवट शब्द लावला की त्याचा अर्थ सांगायचा, नाहीतर सोंगट्या मुकाट उचलायच्या. आजारपणानंतर सासूबाई पहिल्यांदाच स्पर्धेला बसल्या, तेव्हा सेक्रेटरी मऊ आवाजात म्हणाले, "ताईंना अर्थाची सूट देऊ या."

सासूबाईंनी टेबलावर बोट आपटलं आणि ठामपणे नकारार्थी मान हलवली. सवलतीच्या कुबड्या घेऊन जिंकण्यापेक्षा त्या हरल्या असत्या, हे सुनेला बरोबर कळलं.

समोर दातांचे डॉक्टर होते, जुने आणि खमके प्रतिस्पर्धी. डाव अटीतटीला आला आणि सासूबाईंनी हातातल्या शेवटच्या सोंगट्या लावल्या. शब्द झाला 'अलेज'.

"अर्थ?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाईंनी पाण्याची बाटली पुढे ओढली. त्यांचं बोट तिला लागतंय न लागतंय तोच सुनेला राहवलं नाही. "पाणी!" ती ओरडली. "म्हणजे साठवलेलं पाणी!"

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्या आगाऊपणाने त्यांचा डाव घालवला की काय?

"खेळणाऱ्यानेच सांगायचं," डॉक्टर म्हणाले. "सूनबाई, तुम्ही मध्ये पडू नका. ताई, सांगा."

सासूबाईंनी शांतपणे एक घोट घेतला, झाकण लावलं आणि बाटली सगळ्यांना दिसेल अशी धरली. बोट पाण्यावर ठेवलंच नाही. पाणी संपतं तिथून झाकणापर्यंत, त्या रिकाम्या भागावरून ते सावकाश वर गेलं. मग पुन्हा एकदा गेलं.

सेक्रेटरींनी शब्दकोश उघडून वाचलं, "पिंप किंवा बाटली पूर्ण भरायला जेवढं कमी पडतं, तेवढी जागा."

"मान्य!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "ताई, हरलो. आणि हरून बरं वाटलं!"

टाळ्या वाजल्या. सुनेचे डोळे भरून आले. तिच्या घरातलं माणूस होतं ते, तिचं स्वतःचं! लोक गोळा झाले आणि सवयीने तिच्याचकडे वळले. "काय म्हणताहेत ताई? कसं वाटतंय त्यांना?"

उत्तर तिच्या ओठांवर आलंच होतं. तिने ते गिळलं आणि ताठ मानेने बाजूला सरकली.

"त्यांना विचारा ना," ती म्हणाली. "त्या सांगतील."