तीन गोळ्या

आइंडहोवनच्या मराठी मंडळींत एक थट्टा जुनी आहे: इथल्या हौसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, कशालाही गेलात तरी पॅरासिटामॉलच मिळणार. म्हणून पुण्याहून येताना प्रत्येकाच्या बॅगेत अँटिबायोटिकच्या पट्ट्या असतातच. चारुताच्या कपाटात तर अर्धं दुकानच होतं.

तिच्या नवऱ्याला, पुष्करला, ताप आला, लघवीला जळजळ होऊ लागली. हौसआर्ट्सने आधी नमुना आणून द्यायला सांगितलं. चारुताला कुठला एवढा धीर? तिने पट्टीतल्या तीन गोळ्या दिल्या, ताप उतरला आणि नमुना राहिला तो राहिलाच. तीन दिवसांनी तो हुडहुडी भरून बाथरूममध्ये कोसळला.

आता तो आयसीयूत होता. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता आणि कोरोनामुळे भेटायला बंदी. रोज सकाळी दहाला डॉक्टरीणबाईंचा फोन यायचा. नऊपासूनच चारुताचा जीव टांगणीला लागायचा.

"यंत्र त्यांचं रक्त गाळतंय," आज बाई इंग्रजीत म्हणाल्या. "पण ते फक्त वेळ मिळवून देतं. जंतू मारायचं काम औषधाचं, आणि औषध लागू पडत नाहीये. तपासणीत जंतूही सापडत नाही. घरी आधी काही अँटिबायोटिक घेतलं होतं का?"

भरती करतानाही हेच विचारलं होतं, आणि तेव्हा ती धडधडीत नाही म्हणाली होती. परदेशात परवान्यावर राहणारी माणसं आपण, उगाच लफडं नको, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. खरं तर तिला लाज वाटली होती.

"पुन्हा विचारते," बाई म्हणाल्या, "अँब्युलन्समध्ये ते स्वतःही नाहीच म्हणाले होते, पण जंतू न सापडण्याचं दुसरं कारण दिसत नाही."

आजारपणाची खोटी रजासुद्धा कधी न टाकणारा माणूस, तापाने फणफणलेला असताना चारुतासाठी खोटं बोलला होता.

"घेतलं होतं. मी दिलं, तीन गोळ्या," ती म्हणाली. "त्याची काही चूक नाही."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पट्टीचा फोटो मागवला आणि दहा मिनिटांत परत फोन केला. "आम्ही त्याच कुळातलं औषध देतोय. हा जंतू त्याला जुमानत नसावा. लगेच बदलतो."

यंत्र आणखी चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी नर्सने व्हिडिओ कॉल लावून पुष्करसमोर टॅबलेट धरला.

"सांगितलंस?" त्याचा आवाज घोगरा झाला होता.

"सांगितलं."

"बरं केलंस. मला वाटलं, तू नाहीच म्हणशील. म्हणून मीही नाही म्हटलं."