फळा आणि मऊ फडके

मित्रांनो, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या ऑफिसात भिंतीवर थोडा कललेला जो पांढरा फळा दिसतो, तो मीच. पूर्वी आल्यागेल्याची नजर आधी माझ्यावर पडे. आता माझ्या खालच्या खिळ्याला छत्र्या टांगतात आणि त्यांचे पाणी माझ्या कडेला लागते.

आमचे ऑफिस निरनिराळ्या कंपन्यांत वर्ग घेते. फसवा ईमेल कसा ओळखावा, पासवर्ड कसा जपावा, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवायचे. कोणत्या कंपनीत कधी जायचे, हे जुळवता जुळवता आमच्या ताई मेटाकुटीला येत. मग त्या सगळे माझ्यावर मांडत. वारांची नावे लिहून त्यांपुढे प्रत्येक कंपनीचे वेगळ्या रंगाचे चुंबक. शिकवणारे मास्तर निघताना त्या दिवसाच्या चुंबकाला हात लावून जात, तशी रीतच पडली होती. "हा फळा आहे म्हणून माझं डोकं ठिकाणावर आहे," असे ताई म्हणत, तेव्हा मी आतून फुलून जाई.

मग ती आली. टेबलावरची चकचकीत स्क्रीन. माझा नुसता जळफळाट झाला. दोन कंपन्यांची वेळ एकच पडली की ती आपणहून टुणकन वाजायची आणि सगळे तिचे कौतुक करायचे. ताई तिला मऊ फडक्याने हलकेच पुसत. मला मात्र तेच खरखरीत डस्टर, आणि पुढे तेही नाही. माझ्यावर लिहिणे बंद झाले, पण चुंबके तशीच राहिली. एकदा तरी हिचे नाक कापले जावे, एवढीच माझी इच्छा होती.

एका सोमवारी इंटरनेट गेले आणि स्क्रीन ठप्प झाली. त्या कंपन्यांमध्ये एक दवाखानाही होता, ताईंचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. आणखी एक वर्ग चुकला तर काम दुसऱ्याला देऊ, असे दवाखान्याने आधीच बजावले होते.

"ताई, आज कुठे जायचंय?" बूट चढवत मास्तरांनी विचारले.

ताई इंटरनेटवाल्याशी फोनवर भांडत होत्या. त्यांनी नुसता माझ्याकडे हात केला.

"सोमवार, हिरवा. म्हणजे बँक," मास्तर म्हणाले आणि चुंबकाला हात लावून निघाले. मला आभाळ ठेंगणे झाले. स्क्रीनकडे मी ढुंकूनही पाहिले नाही.

तासाभराने फोन वाजला. दवाखान्यात परिचारिका कामे सोडून वर्गात बसून राहिल्या होत्या. सोमवार आता त्यांचा होता. बँकेचा वार केव्हाच बदलला होता, फक्त मला कोणी सांगितले नव्हते. दवाखान्याचे काम हातचे गेले.

मास्तर ओशाळून म्हणाले, "फळ्यावर तसंच होतं हो, ताई."

"त्याचं काय चुकलं? आपण लिहायचं सोडलं आणि टांगून मात्र ठेवला."

ताईंचे डोळे भरले होते. हाताला लागले ते स्क्रीनचे मऊ फडके त्यांनी उचलले. ज्या फडक्यासाठी मी इतका झुरलो, ते माझ्या अंगावरून फिरले आणि माझ्यावरचे सगळे पुसून गेले. मागे स्क्रीन पुन्हा सुरू होऊन टुणकन वाजली. तिचा हेवा मला आजही वाटतो. तिला रोज कोणीतरी खरे काय ते सांगते.

मित्रांनो, आम्ही जुने झालो तर खुशाल उतरवून ठेवा. पण भिंतीवर ठेवलेत, तर रोजचे रोज सांगत जा. माणसे सवयीने आमच्यावर विश्वास ठेवतात.