उद्या या

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहेऽऽ!"

बाथरूममधून बाबांची किंकाळी आली. आईने शांतपणे चहात साखर घातली.

बाबा पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार-खिडकीवर बसतात. वर्षानुवर्षं शिव्या ऐकून त्यांचे खांदे वर सरकत सरकत कानांना टेकले होते. त्यांची मान मी फक्त लग्नानंतरच्या एका फोटोत पाहिली होती. फोटोत तिच्याभोवती आईने विणलेला मफलर होता. तो आता कपाटात होता. बांधणार कुठे?

झोपही उडाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट तपासलं. "हृदय ठणठणीत आहे. पण शरीर दिवसभर मागे वाघ लागल्यासारखं पळतंय. रोज सकाळी त्याला घटकाभर खरा वाघ दाखवा. अंगावर दोन तांबे गार पाणी. मग निवांत बसा. थांबायचं कसं, ते त्याला पुन्हा शिकू दे."

आईला वाटलं, आपणही हातभार लावावा. दाराआडून तिने "भॉ!" केलं. बाबांनी तिला नंबर लावायला सांगितलं आणि दिवसभर थरथरत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी आईला झापलं. "अहो, वाघ त्यांनी स्वतः बोलवायचा! न बोलावता येणारे ऑफिसात आहेतच की!"

पहिल्या दिवशी बाबा बादलीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग तिला म्हणाले, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी पाणी अंगावर घेतलं. संकटात त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, तेच निघालं. नंतर टॉवेल गुंडाळून ते स्टुलावर बसले.

"काय करताय?" आईने विचारलं.

"काही नाही."

हळूहळू किंकाळीच्या शेवटी हसू यायला लागलं.

एकदा मी डबा द्यायला गेलो, तर एक गृहस्थ रिकामी बादली खिडकीवर आपटत होते. "नळाला थेंब नाही! झोपा काढता काय?"

बाबांचे खांदे वर गेले. मी डोळे मिटले. उघडले, तर बाबा लांब श्वास सोडत होते आणि खांदे खाली येत होते.

"ओरडून घ्या, काका. मी आहे इथेच."

काका ओरडले. मग दमले.

"संपलं?"

"संपलं."

"आता निवांत बसा. गल्ली कुठली तुमची?"

संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. कपाटातून मफलर काढून आईने बाबांच्या गळ्यात बांधला.

"अगं, उकडतंय!"

"असू दे."

बाबा बसल्या जागी घोरायला लागले. आईने पंखा वाढवला. मफलर मात्र काढला नाही.